मिनोचा खटला: टेट्रिस पुन्हा लिहिताना नेमकं काय घेता येतं?

2009 साली आयफोनवर ‘मिनो’ नावाचा एक खेळ आला. तो काढणारी झायो इंटरॅक्टिव्ह ही अमेरिकेतली छोटीशी कंपनी, नुकतंच कॉलेज संपवलेल्या एका तरुणीने सुरू केलेली. वरून रंगीत तुकडे पडतात, ते फिरवून खाली नीट बसवायचे, आडवी ओळ पूर्ण भरली की ती गायब होते आणि ढीग माथ्यापर्यंत पोचला की डाव संपतो. पाहणारा कुणीही हा टेट्रिसच आहे असं म्हणेल, आणि झायोनेही ते कधी नाकारलं नाही. त्यांनी टेट्रिसच्या मालकांकडे आधी रीतसर परवाना मागितला होता, तो मिळाला नाही. मग त्यांनी कॉपीराइटचा कायदा अभ्यासला, वकिलाचा सल्ला घेतला आणि निष्कर्ष काढला, की खेळाच्या नियमांवर कुणाची मालकी नसते, त्यामुळे नियम उचलायला हरकत नाही. कोड चोरल्याचा आरोप त्यांच्यावर कधीच झाला नाही.

टेट्रिसच्या मालकांनी ॲपलकडे तक्रार केली. ॲपलने मिनो आपल्या ॲप स्टोअरमधून काढला. झायोने उलट नोटीस दिली, आणि मग डिसेंबर 2009 मध्ये प्रकरण न्यू जर्सीच्या फेडरल जिल्हा न्यायालयात गेलं. 30 मे 2012 रोजी न्यायाधीश फ्रीडा वुल्फसन यांनी निकाल दिला. झायो हरली, कॉपीराइटवरही आणि खेळाच्या एकूण बाह्यरूपाच्या हक्कावरही.

प्रोग्रामिंग शिकणारं जवळजवळ प्रत्येक पोर कधी ना कधी टेट्रिस लिहितं. मीही शिकणाऱ्यांकडून तो लिहून घेतो: काळ्या पडद्यावर, नुसत्या अक्षरांत, फक्त कीबोर्डवर चालणारा, जुन्या वळणाचा. त्या वयात सगळ्यांची समजूत अगदी झायोसारखीच असते. कोड माझा, म्हणजे खेळ माझा. हा निकाल त्यांच्याबरोबर ओळीओळीने वाचावा असा आहे, कारण ‘नियम’ कुठे संपतात आणि ‘रूप’ कुठे सुरू होतं हे तो एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगतो. सगळीकडे तो मला पटत नाही, पण ते पुढे.

आधी मूळ खेळाकडे पाहू, कारण निकालातले काही मुद्दे मूळ खेळ डोळ्यांपुढे असल्याशिवाय नीट कळत नाहीत. 1984 साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी तो इलेक्ट्रॉनिका 60 या यंत्रावर लिहिला. या यंत्राला चित्र काढता येत नसे. पडद्यावर अक्षरं उमटत, तीही 24 ओळींत. पाजितनोव यांना पेंटोमिनोंचं कोडं आवडायचं, म्हणजे पाच चौकोन कडेला कड लावून जोडले की होणारे 12 आकार डब्यात बसवायचे. अमेरिकी गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनी 1953 पासून या आकारांचा अभ्यास लोकांपुढे आणला होता. पाजितनोव यांनी पाचाचे चार चौकोन केले आणि तुकडे वरून सोडले.

तो पडदा आज पाहिला तरी त्याची नेटकी आखणी मनात भरते. प्रत्येक चौकोन म्हणजे एक उघडा आणि एक बंद चौकोनी कंस, शेजारीशेजारी. असं का, ते टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, काम करणाऱ्याला लगेच कळेल: पडद्यावरचं एक अक्षर रुंदीपेक्षा साधारण दुप्पट उंच असतं, म्हणून दोन अक्षरं जोडली तरच घर चौकोनी दिसतं. रिकाम्या घरात एकेक टिंब. कुठला तुकडा कुठल्या रकान्यावर येतोय हे त्या टिंबांमुळे डोळ्याला कळतं. दोन्ही बाजूंना कोनचिन्ह आणि उद्गारचिन्ह मिळून केलेली भिंत, खाली तिरप्या रेघांची नागमोडी. डाव्या हाताला रशियनमध्ये पूर्ण झालेल्या ओळी, पातळी आणि गुण. उजवीकडे कळांची यादी: 7 ने डावीकडे, 9 ने उजवीकडे, 8 ने फिरवायचा, 4 ने वेग वाढवायचा, 5 ने किंवा स्पेसबारने थेट खाली सोडायचा, 1 ने पुढचा तुकडा दाखवायचा. आणि 0 दाबला की ही यादीच पुसली जायची. उंची 20 घरं, रुंदी 10.

रंग नंतर आले. वदिम गेरासिमोव नावाच्या शाळकरी मुलाने, दिमित्री पावलोव्स्की यांच्याबरोबर, आयबीएम पीसीसाठी खेळ पुन्हा लिहिला, तेव्हा तुकड्यांना रंग मिळाले. पुढची हक्कांची लढाई मोठी आहे, इथे तिच्यात शिरत नाही. एवढंच, की हक्क सोव्हिएत सरकारच्या हाती होते आणि 1996 मध्ये हेंक रॉजर्स यांच्याबरोबर टेट्रिस कंपनी उभी राहिली तेव्हा कुठे पाजितनोव यांना स्वतःच्या खेळाचं मानधन मिळू लागलं. स्वतःच्या निर्मितीचा पैसा हाती यायला ज्याला एक तप लागलं, त्याच्या बाजूने कुणी नक्कल रोखायला उभं राहिलं तर मला त्यात वावगं वाटत नाही.

आता निकाल. अमेरिकेच्या कायद्यात कल्पना, पद्धत, प्रणाली यांना कॉपीराइट नाही. ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला आहे. 1879 च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यापासून हे चालत आलंय. तिथे वाद हिशेबाच्या पद्धतीचा होता: पुस्तकावर हक्क लेखकाचा, पण त्यात शिकवलेली खातेवही कुणीही आखावी. त्याला जोडून एक उपतत्त्व आहे. एखादी कल्पना मांडायचे मार्गच एक-दोन असतील, तर रूप कल्पनेत विरघळलं असं मानतात आणि त्यालाही संरक्षण मिळत नाही.

झायोचा सगळा डोलारा या उपतत्त्वावर होता. टेट्रिसमध्ये जे दिसतं ते सगळं खेळायला लागतं म्हणून आहे, असं त्यांचं म्हणणं. तुकडा असा दिसतो कारण तो तसा बसायला हवा, पट एवढा आहे कारण खेळ तेवढ्यावर चालतो. सगळंच नियम, मग रूप उरतंच कुठे?

वुल्फसन यांनी हे मानलं नाही. खेळाच्या नियमाशी जे जोडलेलं आहे ते सगळंच मोकळं म्हटलं, तर कुठल्याच खेळाचं काहीच संरक्षित उरणार नाही, असं त्यांचं उत्तर. तुकडे वरून पडतात, ते फिरवता येतात, ओळ भरली की जाते आणि गुण मिळतात, ढीग वर पोचला की डाव संपतो: इतकं सगळ्यांचं. पण तुकड्यांचे नेमके आकार, त्यांचे भडक रंग, प्रत्येक चौकोनाची आतली रेघ आणि छटा, पटाची 20 गुणिले 10 ही मापं, तुकडा खाली कुठे बसेल हे दाखवणारी त्याची सावली, पुढच्या तुकड्याची चौकट, बसल्यावर तुकड्याचा बदलणारा रंग, समोरच्या खेळाडूकडून येणाऱ्या अर्धवट ओळी, आणि डाव संपला की पट आपोआप भरत जाणं: हे सगळं मांडणीत येतं, आणि मिनोत ते जसंच्या तसं होतं. दोन्ही खेळांची चित्रं शेजारी ठेवली तर कुठला कुणाचा हे सामान्य खेळणाऱ्याला सांगता येणार नाही, असं त्यांनी नोंदवलं. नियम सारखे पण रूप वेगळं असू शकतं, याचा दाखला म्हणून ‘डॉक्टर मारिओ’ हा खेळ होताच. तिथेही वरून काहीतरी पडतं आणि रचून नाहीसं करायचं असतं, पण कुणी त्याला टेट्रिस समजत नाही.

मिनोपुरतं पाहिलं तर निकाल योग्यच आहे. रंगाच्या छटा आणि डाव संपल्यावर पट भरत जाण्याची पद्धत झायोने घेतली त्याला कुठलंही तांत्रिक कारण नव्हतं. लोकांना ते टेट्रिस वाटावं हेच कारण होतं.

दोन गोष्टी मात्र मला पटत नाहीत, आणि त्या दोन्ही साध्या रेट्रो, म्हणजे जुन्या वळणाच्या, नक्कलेच्या मुळाशी जातात.

पहिली, तुकड्यांचे आकार. चार सारखे चौकोन कडेला कड लावून जोडा. आरशातलं प्रतिबिंब वेगळं मोजलं, म्हणजे तुकडा उलटा पालथा करायची सोय नाही असं धरलं, तर बरोबर सातच आकार होतात: सरळ काठी, चौरस, मधे बोंड असलेला, दोन पायऱ्यांचे, दोन कोपऱ्यांचे. आठवा नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या सहावीतल्या मुलालाही हे सात सापडतील. त्यात पाजितनोव यांची निवड एकच: चार. ती निवड एकदा केली की सातही आकार गणित ठरवतं, माणूस नाही. मग त्या आकारांना रूप कसं म्हणायचं?

याचं उत्तर निकालात आहे, फक्त ते वेगळ्या उंचीवरून दिलेलं आहे. न्यायालयाच्या लेखी कल्पना ‘चार चौकोनांचे तुकडे’ अशी नव्हतीच. ‘वरून पडणारे भौमितिक आकार’ अशी होती. इतक्या वरून पाहिलं तर ‘चार’ हीसुद्धा अनेकांतली एक निवड ठरते आणि सात आकार आपोआप रूपाच्या खात्यात जातात. थोडं खाली उतरून ‘चार चौकोन’ हाच नियम धरला, तर तेच सात आकार नियमाच्या खात्यात येतात. कल्पना कुठल्या पायरीवर धरायची याची चर्चा न्यायाधीश लर्नेड हँड यांनी 1930 मध्येच, एका नाटकाच्या खटल्यात, केली होती, आणि अशी रेघ कुणालाच नेमकी आखता येणार नाही हेही त्यांनी मान्य केलं होतं. मिनोच्या खटल्यात ती रेघ आखण्यातच निम्मा निकाल लागून गेला.

दुसरी, पटाची मापं. 10 ही रुंदी दिसण्याची गोष्ट आहे की खेळण्याची? गणित करून पाहा. प्रत्येक तुकडा 4 घरांचा, प्रत्येक साफ होणारी ओळ 10 घरांची. पट पूर्ण रिकामा व्हायचा असेल तर पडलेली सगळी घरं गेलेल्या ओळींत मावली पाहिजेत, म्हणजे गेलेल्या ओळी गुणिले 10 या आकड्याला 4 ने भाग जायला हवा. आणि ते होतं फक्त साफ झालेल्या ओळी सम असतील तेव्हा. रुंदी 12 करा, हे बंधन जातं, कारण 12 ला 4 ने भाग जातो. काठी आडवी टाकली तर 10 मध्ये दोन काठ्यांनंतर दोन घरं उरतात, 12 मध्ये तीन काठ्यांत ओळ संपते. म्हणजे रुंदीचा आकडा बदलला की डावपेच बदलतात. जो आकडा बदलल्यावर खेळच बदलतो, तो नियमाच्या जास्त जवळचा, असं माझं मत आहे. उंचीचंही तसंच: ती घटवली की चूक सुधारायला वेळ कमी मिळतो.

म्हणूनच रेट्रो नक्कल करणाऱ्याची परिस्थिती मिनोपेक्षा खरोखर वेगळी आहे. निकालात एक मुद्दा जोर देऊन येतो: टेट्रिस पहिल्यांदा आला त्यानंतर संगणकाची ताकद आणि चित्रं काढायची क्षमता इतकी वाढली आहे, की हेच नियम दुसऱ्या रूपात मांडता आले नाहीत हे झायोचं म्हणणं स्वीकारता येणार नाही. आयफोनपुरतं हे बिनतोड आहे. पण जो स्वतःहून 24 ओळी आणि 80 रकान्यांच्या अक्षरी पडद्यावर उतरतो, त्याच्यापुढे किती वाटा उरतात? रंग नाहीत, छटा नाहीत, आतली रेघ नाही. घर दाखवायला दोन अक्षरं हवीत. कंस घ्या, भरीव ठोकळे घ्या, जाळीचं चिन्ह (#) घ्या, निवड तिथेच संपते. मार्ग जितके कमी तितकं रूप कल्पनेत विरघळण्याचं तत्त्व बळकट. झायोला जो बचाव लागू पडला नाही तो इथे निदान मांडण्याजोगा आहे. न्यायालय मानेलच असं मी म्हणत नाही, कारण ‘तुला हा पडदा घ्यायला कुणी सांगितलं होतं?’ असा प्रश्न समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारेल.

आणि खरं तर त्या बचावावर टेकायची गरजही पडू नये. अक्षरी पडद्यावरही 20 गुणिले 10 कुणी लादलेलं नसतं. 24 ओळींत 18 ची उंची बसते, 22 चीही बसते. 80 रकान्यांत दोन-दोन अक्षरं धरून 40 घरांपर्यंत रुंदी नेता येते. सावलीचंही तेच. तिचं काम एवढंच, की तुकडा कुठल्या रकान्यात जाईल ते कळावं. मॉस्कोच्या पडद्यावर ते काम रिकाम्या घरातली टिंबं करत होती, सावली नव्हतीच.

जे निःसंशय मोकळं आहे त्यात खरी कारागिरी किती आहे, हे मात्र लिहायला बसल्यावरच कळतं. एंटर न दाबता कळ वाचायची, त्यासाठी टर्मिनल वेगळ्या अवस्थेत न्यायचं आणि खेळ मधेच कोसळला तरी ते परत पूर्ववत करायचं. कळ दाबून धरली की काय होतं ते बघा: तुकडा एक घर सरकतो, क्षणभर अडकतो, मग भराभर धावतो. ती अडखळ खेळाची नसून ऑपरेटिंग सिस्टीमची असते, टायपिंग करताना अक्षर चुकून दोनदा उमटू नये म्हणून ठेवलेली. वेगाच्या वरच्या पातळीवर ती जीवघेणी ठरते. अडचण अशी, की साध्या टर्मिनलला कळ सुटल्याचं कळतच नाही, फक्त दाबल्याचं कळतं. त्यामुळे ‘भिंतीपर्यंत सरकव’ अशी वेगळी कळ देणं हा एक चांगला तोडगा आहे. फिरवण्याचंही तसंच: आधी फिरवलेला तुकडा मनात ठेवायचा, त्याची चारही घरं पटात आणि रिकामी आहेत का ते तपासायचं, आणि मगच खरा तुकडा बदलायचा. भिंतीला चिकटलेली काठी फिरत नाही तेव्हा तिला एक घर आत ढकलून पुन्हा तपासायचं की सरळ नकार द्यायचा, हा ज्याचा त्याचा निर्णय, आणि खेळाचा हातातला स्वभाव त्यावर ठरतो. यातल्या कशावरही कुणाचा हक्क नाही.

मग आपल्याकडचं काय? अशाच एका प्रकरणाचा निकाल मिनोच्या आधीच दिल्लीत आला होता. कोलकात्याच्या दोन भावांनी स्क्रॅबल या पटावर शब्द जुळवायच्या खेळासारखा ‘स्क्रॅब्युलस’ हा ऑनलाइन खेळ काढला, आणि फेसबुकवर तो तुफान चालला. स्क्रॅबलचे हक्क सांगणारी मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर 2008 मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी दिलेल्या अंतरिम आदेशात कॉपीराइटवर मनाई द्यायला नकार दिला. स्क्रॅबलच्या पटावरची घरांची मांडणी आणि रंग खेळाच्या नियमांशी इतके एकजीव आहेत की ते वेगळे काढता येत नाहीत, म्हणजे तेच विरघळण्याचं तत्त्व, इथे नक्कल करणाऱ्याच्या बाजूने. नाव मात्र बुडालं. ‘स्क्रॅब्युलस’ हे ‘स्क्रॅबल’शी फसवं साम्य असलेलं ठरलं, ते वापरायला मनाई झाली, आणि खेळ पुढे ‘लेक्स्युलस’ या नावाने चालू राहिला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की चित्र गुंतागुंतीचं होतं. न्यू जर्सीत पटाची मापं रूपात मोडली, दिल्लीत पटाची मांडणी नियमात गेली. दिल्लीचा आदेश अंतरिम होता आणि खेळ मुळात पटावरचा, तेव्हा तो टेट्रिसला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही आकडे आणि घरं यांच्याकडे पाहण्याची दिल्लीची नजर मला जास्त रास्त वाटते. नावाबाबत मात्र दोन मतं असायचं कारण नाही. पोरं हौसेने शेवटी ‘ट्रिस’ जोडून नाव ठेवतात, तिथेच त्यांना अडवावं. बाकी सगळं वादाचं असेल, हे नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्यांच्या या वेळच्या गटाने ‘चार’ हा आकडाच सोडला आणि पाचावर गेले. पाच चौकोनांचे, आरशातले वेगळे धरून, 18 आकार होतात. रुंदी 15 घेतली, म्हणजे तीन तुकड्यांच्या क्षेत्रफळाची एक ओळ. घर म्हणून कंसाऐवजी जाळीची दोन चिन्हं. पहिल्या चाचणीतच लक्षात आलं की अधिकचिन्हाच्या आकाराचा तुकडा डाव उधळतो. तो सपाट जागी टाकला की खाली दोन कोपऱ्यांत भोकं ठेवून जातो. तो वगळला. इंग्रजी यूच्या आकाराच्या तुकड्यावर दोन तट पडले, कारण पालथा पडला तर त्याच्या पोटात घर अडकतं, पण खाली एका घराचा उंचवटा असेल तर त्यावर तो टोपीसारखा चपखल बसतो. तो ठेवला, आणि त्यासाठी पडण्याचा सुरुवातीचा वेग कमी केला.